घरच्या घरी ऑफ-रोड कॅम्पिंग ट्रेलर: या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात कॅम्पिंगचा नाद लागलेल्या माणसाची वाट बहुधा ठरलेली असते. आधी जमिनीवरचा तंबू, मग गाडीच्या टपावरचा. मुलं मोठी झाली की सामान मावेनासं होतं आणि नजर जाते ती कुणाच्या तरी अंगणात गंजत पडलेल्या, गाडीमागे ओढायच्या सहा बाय चार फुटी ट्रेलरवर. तयार ऑफ-रोड कॅम्परच्या किमती ऐकल्या की वेल्डिंग मशीन विकत घेणंच स्वस्त वाटू लागतं. त्यात वावगं काही नाही. घरी बांधलेले ट्रेलर दुकानातल्यांपेक्षा जास्त टिकल्याचीही उदाहरणं आहेत. पण जे मोडतात, त्यांतले बरेचसे एकाच समजुतीपायी मोडतात: जाड लोखंड म्हणजे मजबूत ट्रेलर.

मारी ते मार्ला हा ऊडनाडाटा ट्रॅक सुमारे ६२० किलोमीटरचा, गिब रिव्हर रोड साधारण ६६०. ऑस्ट्रेलियातल्या अशा आडवाटेच्या रस्त्यांवर ट्रेलर एखाद्या खड्ड्यात आपटून क्वचितच मोडतो. तिथल्या कच्च्या मातीवर पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात, इथे त्यांना कॉरुगेशन म्हणतात. त्यांच्यावरून दिवसभर थरथरत जाताना प्रत्येक सांध्याला धक्क्यामागून धक्के बसतात, आणि ट्रेलर जितका जड तितका प्रत्येक धक्का जोराचा. म्हणून जिथे चीर गेली तिथे आणखी पट्टी ठोकायची, हा उपाय पुष्कळदा चीर फक्त पुढे सरकवतो.

वजनाचा हिशेब कागदावर नसणं

आठ बाय चार फुटांचा ३ मिमी जाडीचा लोखंडी पत्रा सुमारे ७० किलोचा असतो. तेवढाच अ‍ॅल्युमिनियमचा २४ किलोचा. तळ, दोन बाजू आणि झाकण असं लोखंडात केलं की सामान भरायच्या आधीच दीड-दोनशे किलो जास्तीचे होतात. मग १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, दोन जेरीकॅन, फ्रिज, तंबू, सावलीची कापडी चांदणी, स्वयंपाकाचा सरकता ओटा. बांधणारा प्रत्येक वस्तूबद्दल म्हणतो, ‘हे काय, दहा-पंधरा किलोच तर आहे.’

इथला नियमही वजनावरच बेतलेला आहे. चाकांवर येणारा भार ७५० किलोपर्यंत असेल तर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे नाहीत. त्यापुढे २,००० किलोपर्यंत निदान एका आसाच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत. २,००० च्या वर सगळ्या चाकांना, शिवाय ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी यंत्रणा. घरगुती ट्रेलर कागदावर ७०० चा आणि वजनकाट्यावर ९५० चा निघणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. पाणी, गॅस, सामान सगळं भरून सार्वजनिक वजनकाट्यावर एकदा न्याच. अंदाजाने ठरवलेलं वजन नेहमी कमीच निघतं, कारण अंदाज करणाऱ्याला ते कमीच हवं असतं.

एकूण वजनाइतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. ट्रेलरचंही तेच. टो-बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकवतात त्यावर, एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हवा. ९०० किलोच्या ट्रेलरला ९० किलो. त्यापेक्षा फार कमी पडला तर ८०-९० च्या वेगाला ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. फार जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागतं. हा भार घरीच मोजता येतो: ट्रेलर सपाट जागी समतल ठेवा, कपलिंगखाली (टो-बॉलवर बसणाऱ्या तोंडाखाली) लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली बाथरूममधला वजनाचा काटा.

ट्रेलर डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक कचकन दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीतल्या ब्रेक-कंट्रोलरचं बटण हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. मग बाजूला थांबून सामान बदला. मागच्या दारावर टांगलेली दोन जादा चाकं हा डोलण्याचा सगळ्यात हुकमी नुस्खा आहे. पाण्याची टाकी आसाच्या आसपास, शक्य तितकी खाली, आणि आत पाणी उसळू नये म्हणून आडपडदे असलेली घ्या.

ड्रॉबारवरचं आडवं वेल्डिंग

सगळ्यात जास्त चिरा जिथे पडतात ती जागा आधीच सांगता येते: ड्रॉबार, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणारा पुढचा दांडा, पेटीच्या खाली शिरतो तिथे, चासीच्या पहिल्या आडव्या पाइपाच्या जरा पुढे. ट्रेलर खालीवर होताना ड्रॉबार तिथेच वाकतो. आणि नेमकं तिथेच बांधणारा पाइपाच्या वरच्या किंवा खालच्या अंगावर आडवा वेल्ड मारतो. वाकणाऱ्या पाइपाच्या वरच्या-खालच्या अंगालाच सगळ्यात जास्त ताण असतो. त्यावर आडवा वेल्ड म्हणजे चीर सुरू व्हायला आखून दिलेली रेघ.

करायचं असं: ड्रॉबार पुढेच न संपवता चासीखालून मागे, निदान पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या ब्रॅकेटपर्यंत न्यायचा. जोड द्यायचा तो पाइपाच्या उभ्या बाजूंवर, लांबीच्या दिशेने. जोडपट्टी लावायचीच असेल तर तिची टोकं चौकोनी कापू नका, निमुळती करा आणि टोकाच्या कडेला आडवा वेल्ड देऊ नका. ताण हळूहळू पसरायला हवा, एका रेषेवर थांबायला नको. जादा चाक, गॅसचं सिलिंडर, हत्यारांची पेटी, जनरेटर असं सगळं ड्रॉबारवर रचण्याची हौसही इथेच महागात पडते.

बाजारात ७५ बाय ५० चा चौकोनी पाइप ३ मिमी जाडीत मीटरला साधारण साडेपाच किलोचा मिळतो. घाबरून ५ मिमी घेण्याआधी पाइपाची उंची वाढवता येते का ते पाहा. वाकण्याविरुद्धची ताकद भिंतीच्या जाडीपेक्षा उंचीने जास्त वाढते.

चीर कशी ओळखायची? रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्यातून ओघळलेला तांबूस गंज दिसला की ती चीरच समजा. चिरेच्या दोन्ही टोकांना छोटं भोक पाडायचं, चीर ग्राइंडरने पूर्ण खणून काढायची, मग वेल्ड भरायचा. वरून नुसता वेल्डचा थर ओढला तर पुढच्या सहलीत तिथेच पुन्हा.

गॅल्वनाइज्ड पाइपावर थेट वेल्डिंग करू नका. जस्ताच्या धुराने त्याच रात्री थंडीताप भरतो. वेल्डिंगच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा. तयार चासी गरम जस्तात बुडवायला द्यायची असेल तर बंद पाइपांना हवेची भोकं ठेवा. जस्ताची कढई साधारण ४५० अंशांवर असते, आत अडकलेलं पाणी किंवा हवा पाइप फोडू शकते. भोकं नसतील तर गॅल्वनाइजिंगवाले काम घेतच नाहीत, आणि बरंच करतात.

कडक पाटे

‘उद्या सामान वाढलं तर?’ म्हणून ८०० किलोच्या ट्रेलरला दीड टनाचे पाटे बसवले जातात. असे पाटे दबतच नाहीत. ट्रेलर वळ्यांवरून चेंडूसारखा उडत जातो आणि आतले स्क्रू, रिव्हेट, कपाटांची दारं सगळं उतरवत जातो. पाट्यांची क्षमता भरलेल्या वजनापेक्षा थोडीच जास्त हवी. ऑफ-रोड कामाला दोन्ही टोकांना डोळे असलेले, शॅकल नावाच्या कडीवर झुलणारे पाटे चांगले. एका टोकाला नुसते टेकलेले स्लिपर पाटे शहरात बागेतला कचरा वाहायला ठीक. शॉकअ‍ॅब्सॉर्बर लावले तर थांब्यावर हात लावून पाहा. चटका बसण्याइतके तापले असतील तर वेग कमी करायची वेळ झाली.

पाटे आसाला आवळणाऱ्या नव्या यू-बोल्टचे नट पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेच लागतात. चाकांच्या नटांचंही तसंच. टायर फक्त आतल्या कडेने झिजत असेल तर टायरच्या दुकानात जाण्याआधी वजनकाट्यावर जा. सरळ आस ओझ्याने मधून वाकला की चाकं वरच्या बाजूने आत झुकतात.

चाकं आणि बेअरिंग

ट्रेलरला गाडीचीच चाकं आणि टायर लावा. टोयोटाच्या प्राडो, हायलक्सला ६ स्टडचा (चाक बसवायच्या बोल्टांचा) १३९.७ मिमी वर्तुळाचा पॅटर्न, ७० सिरीज लँडक्रूझरला ५ स्टडचा १५०. चाकं सारखी असली की गाडीचं जादा चाक ट्रेलरला चालतं आणि उलटही. दोन चाकांमधलं अंतरही गाडीइतकं ठेवा. वाळूत ट्रेलर गाडीच्याच चाकोरीतून चालला तर ओढ बरीच कमी होते. अरुंद ट्रेलर दोन नव्या चाकोऱ्या पाडत येतो आणि त्याची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते. टायरमधली हवा मात्र गाडीइतकी नको, कारण चाकांवरचं ओझं कमी असतं. जास्त हवेने ट्रेलर आणखी उडतो.

इथे ट्रेलरची बेअरिंग मुख्यतः दोन मापांत मिळतात, लोक त्यांना होल्डनची आणि फोर्डची म्हणतात. यातली फोर्डची मोठी. दोन्ही आडगावच्या पंपावरही मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून परदेशी साइटवरून मागवलेल्या स्वस्त, वेगळ्या मापाच्या आसापासून लांब राहा. बेअरिंग बसवताना हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) फिरवत फिरवत नट आवळा, मग जरासा सैल करा, हब मोकळा फिरेल पण हलणार नाही इतकाच.

चाकं तापलेली असताना सरळ ओढ्यात घालणं ही दुसरी चूक. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पाण्याआधी दहा मिनिटं थांबा, चहा घ्या. प्रत्येक थांब्यावर सगळे हब हाताने चाचपा. बाकी कोमट आणि एक गरम असेल तर त्या चाकाचं बेअरिंग खराब होत चाललंय किंवा ब्रेक घासतोय. ग्रीस भरलेलं, बेअरिंग बसवलेलं जादा हबच सोबत ठेवा. धुळीत बसून बेअरिंगचा कप ठोकण्यापेक्षा ते बरं.

धूळ मागून येते

सगळ्या दारांना महागडं रबर लावूनही पेटीत मूठ मूठ लाल धूळ का साचते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो, आणि धूळ नेमकी तिथेच घोंघावत असते. पेटीतली हवा एखाद्या फटीतून बाहेर खेचली गेली की तिची जागा दुसऱ्या फटीतून धुळीची हवा घेते. रबर हवंच, दार चारही बाजूंनी सारखं दाबणाऱ्या कड्याही हव्यात. पण खरा उपाय म्हणजे पुढच्या बाजूला, उंचावर, फिल्टर लावलेली एक झडप. तिच्यातून शिरणाऱ्या हवेने पेटीत बाहेरपेक्षा किंचित जास्त दाब राहतो आणि फटींतून हवा आत न येता बाहेर जाते. मागच्या बाजूला झडप दिली तर ती धूळ ओढणारा पंपच होते.

पुढच्या बाजूचं दुसरं दुखणं दगडांचं. गाडीच्या चाकांनी उडवलेला दगड पेटीच्या सपाट पत्र्यावर आपटून उलटा येतो आणि गाडीची मागची काच फोडतो. पुढे जाड प्लेट ठोकणं म्हणजे काच फोडायची सोय करणं. ड्रॉबारवर तिरकी, दगडाचा जोर पिऊन टाकणारी जाळी किंवा जाड कापड लावा. पाण्याची नळी आणि ब्रेकची वायर ड्रॉबारखाली उघडी न सोडता पाइपाच्या आतून न्या. जॉकी व्हील, म्हणजे सोडलेला ट्रेलर पुढून टेकवायचं छोटं चाक, काढून आत ठेवा, नाहीतर ते रस्त्यातच राहतं.

फ्रिज बंद पडतो, बिचाऱ्या बॅटरीला दोष

इथल्या दुकानात ‘सिक्स एमएम ऑटो केबल’ म्हणून मिळते त्यातले सहा मिलिमीटर वरच्या प्लास्टिकसकट जाडीचे असतात. आतलं तांबं जेमतेम ४.६ चौरस मिमी. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत ७ मीटर, जाऊन-येऊन १४. २० अ‍ॅम्पिअर वाहत असतील तर या केबलमध्ये साधारण १ व्होल्ट वाटेतच जातो. ‘सिक्स बी अँड एस’ नावाच्या केबलमध्ये १३.५ चौरस मिमी तांबं असतं, तिथे हीच घट एक तृतीयांशावर येते. नावं सारखी वाटतात, फरक तिप्पट. शंका असेल तर चार्जिंग चालू असताना मल्टिमीटरने दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा. डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरणारा) गाडीत न बसवता ट्रेलरच्या बॅटरीजवळ बसवा आणि प्रत्येक बॅटरीच्या अगदी शेजारी फ्यूज द्या.

गॅसची पक्की पाइपलाइन स्वतः करू नका, ते परवानाधारक गॅसफिटरचं काम. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या पेटीला हवेची वाट तळाशी हवी.

अपग्रेड

पन्नास मिमीचा साधा टो-बॉल खडकाळ उतारावर ट्रेलरला पुरेसा फिरू देत नाही, म्हणून पहिलं अपग्रेड तिन्ही दिशांना फिरणाऱ्या ऑफ-रोड कपलिंगचं असावं. टपावरचा तंबू, एका बाजूला टांगलेली मोठी चांदणी यांचा क्रमांक नंतरचा, कारण दोन्ही वजन वर आणि एकीकडे नेतात. काहीही जोडलं की पुन्हा वजनकाटा, पुन्हा टो-बॉलचा भार. रुतलेली गाडी काढायला लवचिक पट्टा टो-बॉलला कधीही अडकवू नका, बॉल तुटला तर तो काच फोडून माणसाला लागतो. त्यासाठी चासीला मागे क्षमता लिहिलेले हुक लावून घ्या.

पुण्या-नाशकात हे वाचून हात शिवशिवत असतील तर एक लक्षात घ्या: १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, त्यामुळे नोंदणी लागतेच. पत्रा कापण्याआधी आरटीओत जाऊन या.

लांबच्या सहलीआधी पूर्ण भरलेला ट्रेलर घेऊन जवळच्या कच्च्या रस्त्यावर एक दिवस घालवा. परतल्यावर प्रत्येक नट, वेल्ड आणि हब तपासा, आणि फ्रिजही उघडा: शीतपेयांचे कॅन एकमेकांवर घासून भोकं पडलेली असतील तर पाटे अजून कडक आहेत, किंवा फ्रिजला खाली रबर हवं आहे.