जाम पिस्टन सोडवण्याआधीची तयारी : प्रीमियर पद्मिनी

चार-पाच पावसाळे शेडमध्ये उभ्या राहिलेल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन फिरत नसेल, तर पिस्टनच जाम आहे याची आधी खात्री करून घ्यावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाकांना विटा लावाव्यात, बॅटरीची वायर सोडावी आणि स्टार्टर उतरवून पाहावा, कारण फ्लायव्हीलच्या दातांत रुतलेला स्टार्टरही इंजिन असेच अडवून धरतो. रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा) काढला की सगळे व्हॉल्व्ह बंद व्हायला हवेत. एखादा उघडाच राहिला, तर गंज तिथेही आहे असे समजावे.

मग प्लगच्या वायरींना नंबर बांधून चारही प्लग काढावेत आणि खराट्याचा लवचीक हीर आत सोडून प्रत्येक पिस्टन किती खोल आहे ते मोजावे (वाळका हीर नको, आत मोडला तर नवाच व्याप होतो). या 1089 सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 75 मिलिमीटर आहे. त्यात पहिला व चौथा पिस्टन एकत्र वर येतात, तेव्हा दुसरा व तिसरा खाली असतात. हे मोजमाप वहीत लिहून ठेवावे, पुढे ते लागणार आहे.

भिजवण्यासाठी एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) आणि ॲसिटोन समप्रमाणात घेऊन, बाटली हलवून, प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण अर्धी वाटी ओतावे. ॲसिटोनची वाफ चटकन पेटते, त्यामुळे शेडचे दार उघडे असावे आणि जवळपास विडीसुद्धा पेटवू नये. नुसते डिझेलही चालते, पण त्याला दिवस अधिक द्यावे लागतात. रोज सकाळी हीर बुडवून पातळी पाहावी. ती उतरत असेल तर तेल रिंगांच्या बाजूने झिरपते आहे. माझ्या मते किमान आठवडाभर पान्याला हात लावू नये. त्यानंतर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी ती पुढे-मागे नुसती हलवावी. केसभर हालचाल मिळाली तरी पुन्हा तेल घालून थांबावे.

इतक्यानेही सुटले नाही तर हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवावे लागेल, म्हणून नवे हेड गॅस्केट आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आधीच आणून ठेवावे. पिस्टनच्या वर उघड्या दिसणाऱ्या सिलिंडरच्या भिंतीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढून चिंधीने पुसावा, बाभळीचा 65 मिलिमीटर व्यासाचा गोल ठोकळा पिस्टनवर ठेवावा आणि त्यावर हातोड्याचे हलके ठोके द्यावेत. वहीतील नोंद इथे कामी येते, कारण अगदी वरच्या टोकाला असलेल्या पिस्टनवर ठोकल्यास क्रँक फिरत नाही, सगळा मार बेअरिंगवर बसतो. ठोकायचे ते मधल्या उंचीवरच्या पिस्टनवर.

झिरपलेले मिश्रण सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) उतरलेले असते, तेव्हा नवे इंजिन ऑइल आणि फिल्टर हाताशी असावेत. प्लग बसवण्यापूर्वी भोकांवर जाड फडके टाकून इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवावे. आत उरलेले तेल दाबले जात नाही, आणि तशातच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.