रिकाम्या सर्व्हरवर कोणी थांबत नाही

माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी, म्हणजे ब्लॉकांनी, जग बांधायचा खेळ. त्याचा सर्व्हर, म्हणजे अनेकांना एकत्र खेळता येईल असं ऑनलाइन जग, सुरू करून मला नऊ दिवस झाले होते. सकाळी उठल्यावर आदल्या रात्रीचा लॉग (सर्व्हरवर काय घडलं याची आपोआप होणारी नोंद) उघडला, तर एक नवं नाव दिसलं. आत आल्याची ओळ. मग चॅटमध्ये ‘हाय’. दीड मिनिटाने ‘कोणी आहे का?’ आणि चौथ्या मिनिटाला बाहेर पडल्याची ओळ. ते नाव नंतर कधीच दिसलं नाही.

तोवर माझी समजूत अशी होती की आपल्याकडे कोणी फिरकतच नाही. त्या दिवशी लॉग पहिल्यापासून वाचून काढला आणि नावं मोजली. 9 दिवसांत 14 जण येऊन गेले होते. कोणी दुपारी, कोणी मध्यरात्री, कोणी पहाटे. हे 14 जण एका वेळी आले असते तर चॅट वाहत राहिलं असतं. पण प्रत्येकाला जग ओसाड दिसलं आणि प्रत्येक जण मुकाट निघून गेला.

नवा सर्व्हर सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. माणसं शोधण्याआधी, जी येतात त्यांची एकमेकांशी गाठ पडेल अशी सोय करा. सर्व्हर चोवीस तास चालू असू दे, बोलावणं मात्र ठरावीक तासांचं द्या. मी बुधवार आणि शनिवार, रात्री 9 ते 11 अशी वेळ ठरवली आणि सर्व्हर-यादीत नावाखाली दिसणाऱ्या दोन ओळींत तीच टाकली. पूर्वी तिथे ‘सर्वांचं स्वागत’ असं काहीतरी होतं, ज्यातून कोणालाच काही कळत नव्हतं.

पहिल्या शनिवारी सहा जण आले. त्यातले चौघं माझ्या ओळखीचे होते. प्रत्येकाला मी स्वतंत्र मेसेज करून विचारलं होतं, ‘शनिवारी नऊला येशील का, नदीवर पूल बांधायचाय.’ मेसेजमध्ये काम असलं की माणूस येतो. नुसती लिंक पाठवली की ‘बघतो’ म्हणतो आणि विसरतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊन चॅटमध्ये आपला पत्ता टाकणं तर अजिबात करू नका. बॅन होतोच, शिवाय आपल्या सर्व्हरचं नाव त्या लोकांच्या मनातून कायमचं उतरतं.

त्या पुलाने मला जितके खेळाडू दिले तितके कुठल्याही जाहिरातीने दिले नाहीत. दोन गट दोन काठांवरून निघाले. मध्यावर भेटले तेव्हा एक बाजू दोन ब्लॉक उंच निघाली. पायऱ्या करायच्या की एक बाजू पाडायची, यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी पायऱ्या झाल्या, अजून आहेत. त्या वादातल्या दोघांनी पुढच्या बुधवारी आपापले मित्र आणले. स्वतः घातलेला दगड दाखवायला माणूस दुसऱ्याला घेऊन येतोच.

वेळेसारखीच जागाही आवळायला हवी. माइनक्राफ्टचं जग अफाट असतं. सहा जण सहा दिशांना गेले की ऑनलाइन असूनही एकेकटेच. मी वर्ल्ड बॉर्डर, म्हणजे जगाची हद्द, लावून जग 3000 बाय 3000 ब्लॉकांचं केलं. एवढ्या जागेत चालता चालता कोणाचं तरी घर लागतं, शेत लागतं, शेजार तयार होतो. एंड, म्हणजे खेळातला मोठा ड्रॅगन राहतो ते वेगळं जग, त्याचं दारही पहिले तीन आठवडे बंद ठेवलं आणि उघडण्याची तारीख आधीच सांगितली. नाहीतर कोणीतरी एकटाच जाऊन ड्रॅगन मारून येतो आणि सगळ्यांनी मिळून करायची मोठी गोष्ट हातातून जाते.

झोपेची गंमतही बघा. मूळ सेटिंगमध्ये सगळे झोपल्याशिवाय रात्र झटकन सरत नाही. एक जण खाणीत असला की बाकीचे पलंगावर ताटकळतात आणि कुरबुर सुरू होते. 1.17 आवृत्तीपासून किती टक्के लोक झोपले की पुरे, हे ठरवता येतं. मी 30 ठेवलं, कुरबुर थांबली.

आता नव्या माणसाच्या पहिल्या पाच मिनिटांबद्दल, कारण तिथे मी पुष्कळ लोक गमावले. मूळ सेटिंगमध्ये स्पॉनभोवती, म्हणजे नवा खेळाडू जिथे उतरतो त्या जागेभोवती, 16 ब्लॉकांचं संरक्षण असतं आणि अॅडमिन सोडून कोणाला तिथे काही तोडता येत नाही. नवखा माणूस येतो आणि समोरचं झाड तोडायला लागतो. लाकूड तुटतं आणि लगेच परत जागेवर येतं. त्याला वाटतं सर्व्हर लॅग मारतोय, म्हणजे अडकत चाललाय. मी दुसरं अकाउंट घेऊन नवखी म्हणून आत आले तेव्हा हे ध्यानात आलं. आता स्पॉनपासून एक फरसबंद वाट निघते, तोंडाशी पाटी आहे: ‘इथून पुढे तोडा, बांधा.’ वाटेच्या कडेला पाव भरलेली पेटी आहे. आधी मी नियमांच्या अकरा पाट्या लावल्या होत्या. त्या कोणी वाचत नव्हतं, काढून टाकल्या. तुम्हीही एकदा नवख्याच्या डोळ्यांनी आपल्या सर्व्हरमध्ये शिरून बघा.

खरा लॅग असेल तर मात्र वरचं सगळं वाया जातं. सर्व्हर सेकंदाला 20 टिक, म्हणजे जग पुढे सरकवणारी छोटी पावलं, चालवतो. त्यामुळे एका टिकचं काम 50 मिलिसेकंदांत उरकायला हवं. त्याहून जास्त वेळ लागला की प्राणी अडखळतात, तोडलेले ब्लॉक परत उगवतात. माझ्याकडे याचं मोठं कारण होतं नवी जमीन. खेळाडू नव्या भागात गेला की सर्व्हरला तिथले चंक (जमिनीचे 16 बाय 16 ब्लॉकांचे तुकडे) त्याच क्षणी तयार करावे लागतात, आणि चौघं चार दिशांना धावले की तो गुदमरतो. बॉर्डर असल्यामुळे आतले सुमारे 35,000 चंक मी ‘चंकी’ या प्लगइनने (सर्व्हरला जोडायच्या जादा प्रोग्रॅमने) रात्रभरात आधीच तयार करून ठेवले. व्ह्यू डिस्टन्स, म्हणजे खेळाडूला किती चंक दूरपर्यंत दिसतं तो आकडा, 10 वरून 7 वर आणला. मी हौसेने 31 प्लगइन घातले होते, त्यातले 9 ठेवले. एकानेही विचारलं नाही की बाकीचे कुठे गेले.

ठेवलेल्यांत कोणी काय बदललं ते नोंदवणारा आणि उलटवणारा ‘कोअरप्रोटेक्ट’ आहे आणि तो पहिल्या दिवसापासून हवा. पाचव्या आठवड्यात एका पाहुण्याने एका मुलीचं आख्खं ग्रंथालय जाळून टाकलं. तिने तीन संध्याकाळी त्यावर घातल्या होत्या. चॅटमध्ये तिने फक्त एवढंच लिहिलं, ‘राहू दे, मी जाते.’ मी तिला दहा मिनिटं मागितली, त्या माणसाच्या नावाने मागच्या दोन तासांचे बदल उलटवले आणि शेल्फन् शेल्फ परत उभं राहिलं. ती आज आमची मॉडरेटर आहे. आपली मेहनत इथे सुरक्षित आहे ही खात्री पटली की माणूस मुक्काम करतो. बॅकअप अर्थातच रोज, आणि सर्व्हर जिथे आहे त्या मशिनवर नाही, दुसरीकडे.

खेळाडूंच्या मतांवर सर्व्हरचा क्रम लावणाऱ्या याद्यांवर मी दोन महिने नाव ठेवलं. लोक यायचे, मताचं बक्षीस घ्यायचे आणि जायचे. रोज येणारे वीसेक लोक जमल्यावर त्या यादीचा थोडा उपयोग झाला, आधी नाही. फोनवर खेळणाऱ्यांसाठी ‘गीझर’ बसवला, त्याने बेडरॉकवाले (फोनवरच्या आवृत्तीचे खेळाडू) जाव्हा (कंप्युटरवरच्या आवृत्तीच्या) सर्व्हरवर येऊ शकतात. आमचे निम्मे लोक त्या दाराने आले.

पैशाचा प्रश्न लवकरच येतो, कारण भाडं दर महिन्याला भरावं लागतं. पैसे घेऊन तलवारी विकू नका. खेळ बनवणाऱ्या मोजांग कंपनीने 2014 सालीच स्पष्ट केलंय की खेळात वरचढ करणाऱ्या गोष्टी विकायच्या नाहीत. दिसण्यापुरत्या सजावटीच्या गोष्टी चालतात. नियम नसता तरी मी विकल्या नसत्या. आठवडाभर खाण खोदणाऱ्यासमोर कोणी दोन मिनिटांत हिऱ्यांचं चिलखत घालून उभा राहिला, तर खोदणारा कशाला थांबेल?

आणि कोणीतरी हजर असायला हवं. आम्ही सात जणांनी वार वाटून घेतले. ज्याचा वार, त्याने नव्या माणसाच्या ‘हाय’ला उत्तर द्यायचं आणि त्याला पुलापर्यंत चालत न्यायचं. टेलिपोर्ट करायचं नाही, कारण चालताना बोलणं होतं.

नवी आवृत्ती आली की ‘जग वाइप करा (पुसून टाका), नव्याने सुरू करू’ अशी मागणी होते. आमच्याकडेही झाली. मी नकार दिला आणि बॉर्डर 2000 ब्लॉकांनी रुंदावली, कारण नव्या आवृत्तीची जमीन आधी तयार न झालेल्या भागातच तयार होते. ज्यांना नवं हवं होतं ते कडेला गेले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिथून पुलापर्यंत रेल्वेचे रूळ टाकायला घेतले.