शेजारून प्रसाद आला तर: ख्रिस्ती घराने आधीच ठरवून ठेवण्याच्या गोष्टी

गणपतीत शेजारच्या काकू मोदकांची ताटली घेऊन दारात उभ्या राहतात, तेव्हा विचार करायला वेळ नसतो. म्हणून प्रसाद घ्यायचा की नाही, हा निर्णय दारात घ्यायचाच नाही. भाद्रपद लागण्याआधी एका संध्याकाळी, कौटुंबिक प्रार्थनेला सगळे जमलेले असताना बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, करिंथकरांस पहिल्या पत्राचे 8 ते 10 हे तीन अध्याय मोठ्याने वाचा. पंधरा मिनिटांत वाचून होतात.

पौलाने तिथे तीन प्रसंग वेगवेगळे धरले आहेत. आपला गोंधळ होतो तो ते एकत्र केल्याने. मूर्तीच्या देवळातल्या पंगतीला बसणं त्याला मान्य नाही (8:10, 10:21). बाजारात विकत मिळतं ते चौकशी न करता खावं (10:25). कुणी घरी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खावं. मात्र ‘हे वाहिलेलं आहे’ असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नये (10:27-28).

आता हे आपल्या चाळीत आणि सोसायटीत आणा. दिवाळीच्या फराळाची चकली, वाढदिवसाचं जेवण, हळदीकुंकवाच्या दिवशी मिळालेला चहा: खा, प्या, खोदून विचारू नका. पण ‘प्रसाद घ्या’ असं म्हणून हातावर ठेवलं, तर तो शब्द म्हणजेच ते सांगणं. तिथे नम्रपणे नाही म्हणावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘मूर्ती काहीच नाही, मग खाल्लं तर काय बिघडतं?’ हा प्रश्न करिंथातही होता. पौल ते खरं मानतो (8:4), पण लगेच दुर्बळ विवेकाच्या भावाकडे, म्हणजे ज्याचं मन अजून कच्चं आहे अशा विश्वासणाऱ्याकडे, बोट दाखवतो. तुमच्या मंडळीत नुकताच बाप्तिस्मा घेतलेला, कालपर्यंत घरात पूजा करणारा कुणी शेजारी बसला असेल, तर तुमच्या एका घासाने त्याचं मन डळमळू शकतं.

नाही कसं म्हणायचं, याचा नमुना बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. बाबेलच्या राजाचं अन्न खायचं नाही असं दानीएलाने ठरवलं, पण अधिकाऱ्याशी वाद घातला नाही. परवानगी मागितली आणि दहा दिवस शाकभाजीचा पर्याय सुचवला. दारात दोनच वाक्यं पुरतात: “काकू, आमच्या श्रद्धेप्रमाणे आम्ही प्रसाद घेत नाही, राग मानू नका. संध्याकाळी चहाला मात्र नक्की येते.” आणि खरंच जा.

इथे काही चुका नेहमी होतात. साखरेचा त्रास असल्याचा बहाणा करू नका. पुढच्या लग्नात तुमच्या पानात गुलाबजाम दिसला की खोटं उघडं पडतं. ‘नैवेद्याआधीचे दोन मोदक ठेवा’ असंही म्हणू नका, कारण पुष्कळ घरांत नैवेद्याआधी कुणालाच काही देत नाहीत आणि त्या माउलीची अडचण होते. घेऊन मागाहून कचऱ्यात टाकणं तर सर्वांत वाईट. अन्नाचाही अपमान, माणसाचाही. नकळत घेतलंच गेलं, तर ते आनंदाने खाणाऱ्या कुणाला तरी द्या.

मुलांना ‘ते सैतानाचं आहे’ असं कधीही शिकवू नका. ते वाक्य दुसऱ्या दिवशी वर्गात पोचतं आणि मैत्रिणीचं मन दुखावतं. “आमच्याकडे घेत नाहीत, थँक यू” एवढं पाठ करून घ्या.

कारखान्यातली खंडेनवमी जास्त अवघड. यंत्र पुसणं, हॉल झाडणं, सगळ्यांबरोबर उभं राहणं हा कामाचा भाग समजावा. हार घालणं, आरती करणं आपण करू नये. हे सुपरवायझरला आठवडाभर आधी एकट्यात सांगा, त्या दिवशी सगळ्यांसमोर नव्हे. देवावर नुकताच विश्वास ठेवलेल्या, पण धन्याबरोबर रिम्मोन या दैवताच्या देवळात वाकावं लागणाऱ्या अरामी सेनापती नामानाला अलीशा संदेष्ट्याने झिडकारलं नव्हतं. “शांतीने जा” एवढंच म्हणाला (2 राजे 5:18-19). नव्या विश्वासणाऱ्याला धीर देताना हा उतारा जरूर वाचून दाखवा.

वर्गणी मागायला मंडळाची मुलं आली, तर रक्तदान शिबिरासाठी किंवा वह्यावाटपासाठी रक्कम द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या.

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जाऊ नये, ही आपल्याकडची रीत नाताळात पाळा. करंज्या, शंकरपाळी पाठवा. केकमध्ये अंडं असेल तर ते देतानाच सांगा. फराळावर प्रार्थना केलेली असेल तर तेही सांगा, आणि त्यांनी नको म्हटलं तर हसून ताट परत घ्या.