मानकुरादचे दायफुकू

म्हापशाच्या बाजारात गोव्याच्या मानकुराद आंब्याचा भाव जरा आवाक्यात आला की मी दायफुकू करायला घेते. चिकट तांदळाच्या मऊ पारीत गोड पुरण, अशी ही जपानी मिठाई. आख्खी स्ट्रॉबेरी भरलेला प्रकार तिथे 1980च्या दशकात गाजला. आपल्याकडे आंबा असताना स्ट्रॉबेरी कशाला?

पीठ मात्र 'ग्लुटिनस राइस फ्लोअर'च आणा. चिकट तांदळात अमायलोज (स्टार्चचा एक घटक) जवळजवळ नसतं, म्हणून पारी ताणली जाते. मोदकाच्या पिठाची तुटते.

जपानी लोक पुरणाला लाल अझुकी किंवा पांढरा घेवडा घेतात. मी आपले अळसांदे (गोव्याकडची चवळी) घेते, अझुकीच्या भावकीतलेच ते. 100 ग्रॅम रात्री भिजवा, मऊ शिजवा, चाळणीवर घासून सालं काढा आणि 70 ग्रॅम साखर घालून आटवा. उलथनं उभं राहिलं की उतरवा. गूळ नको, त्याने आंब्याचा वास दबतो.

आंबा पिकलेला पण घट्टसर हवा. गळणारा मानकुराद तसाच चोखून खावा. इंचभराच्या 8 फोडी करून सुती फडक्यावर नीट टिपा. त्यांना पाणी सुटलं तर पारी आतून चिघळते. प्रत्येक फोडीभोवती पुरण लिंपून गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

पारीसाठी 100 ग्रॅम पीठ, 50 ग्रॅम साखर, 150 मिली पाणी गुठळ्या मोडून कालवा. मोदकपात्रात भांडं ठेवा, झाकणाला फडकं बांधा, 20 मिनिटं वाफवा. मध्येच एकदा ढवळा. पांढरेपणा जाऊन गोळा काचेसारखा दिसला की झालं. ओल्या लाकडी चमच्याने दोनतीन मिनिटं जोर लावून घोटा. मग कॉर्नफ्लोअरवर काढा, पण कॉर्नफ्लोअर आधी कोरडंच भाजून घ्या, नाहीतर कच्चट लागतं. गरम असतानाच 8 भाग करा. कडा पातळ, मध्य जाड ठेवून गोळा झाका, खालून चिमटून बंद करा. पावसाळी हवेत हातालाही कॉर्नफ्लोअर भरपूर लावा.

फ्रीजमध्ये पारी कडक होते आणि बाहेर आंबा टिकत नाही, तेव्हा त्याच दिवशी संपवा. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना बारीक तुकडे करूनच द्या. मोची, म्हणजे चिकट तांदळाचा असा गोळा, घशात अडकून जपानमध्ये दर नववर्षाला माणसं दगावतात.