दोष आपल्याकडे, तक्रार दुसऱ्या खंडातून: संशोधन नेटवर्क मोजायला येणाऱ्यांसाठी

संशोधन नेटवर्कच्या मोजमापाकडे वळणारा नवा माणूस आधी टूल्सच्या मागे लागतो. वेग मोजणाऱ्या आयपर्फच्या कमांड, डॅशबोर्ड, पायथनमधले आलेख. हे सगळं लागतं, पण ते लवकर जमतं. एक गोष्ट अंगवळणी पडायला मात्र वेळ जातो: आपल्या नेटवर्कमधला दोष पुष्कळदा आपल्याला दिसतच नाही, तो जाचतो दूरच्या देशातल्या कुणाला तरी. म्हणून हे काम एकट्याच्या बळावर होत नाही, आणि म्हणूनच मला ते इतकं आवडतं.

असं का होतं ते आकडे मांडून बघा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं ईएसनेट हे संशोधन नेटवर्क आहे. तिथल्या इंजिनिअरांनी आपल्याकडचं एक प्रकरण जाहीरपणे मांडलं आहे. १० गिगाबिटच्या राउटरमधलं एक लाइन कार्ड बिघडत चाललं होतं आणि दर २२,००० पॅकेटांमागे (डेटाच्या छोट्या तुकड्यांमागे) एक गळत होतं, म्हणजे फक्त ०.००४६ टक्के. राउटरच्या स्वतःच्या नोंदींत ही गळती येतच नव्हती.

आता टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर डेटा खात्रीने पोचवणाऱ्या नियमावलीचा, स्वभाव लक्षात घ्या. पॅकेट हरवलं की तो वेग एकदम कमी करतो आणि मग फेरीगणिक (पॅकेट जाऊन त्याची पोच परत आली की एक फेरी) थोडा थोडा वाढवतो. फेरी लांबची असेल तर सावरायलाही तितकाच उशीर. १९९७ साली मॅथिस आणि सहकाऱ्यांनी याचं सूत्र मांडलं: सेगमेंटच्या (एका पॅकेटातल्या डेटाच्या) आकाराला फेरीच्या वेळेने आणि गळतीच्या प्रमाणाच्या वर्गमूळाने भागायचं. १४६० बाइटचा सेगमेंट घेतला आणि सूत्रातला स्थिरांक १ धरला, तर एक मिलिसेकंदाच्या फेरीला वरच्या गळतीतही साधारण १.७ गिगाबिट वेग मिळतो. शंभर मिलिसेकंदांच्या फेरीला उरतात जेमतेम १७ मेगाबिट. कार्ड तेच, गळती तीच. शेजारच्या इमारतीतला वापरकर्ता कधी तक्रार करणार नाही, आणि समुद्रापलीकडच्या शास्त्रज्ञाची फाइल दिवसभर सरकत राहील.

हा प्रयोग स्वतः करून बघाच. दोन लिनक्स मशीन घ्या, मध्ये नेटईएम या लिनक्सच्या साधनाने उशीर आणि गळती घाला आणि आयपर्फ चालवा. टीसीपीने वेग कसा ठरवायचा याच्या पद्धती अनेक; लिनक्समध्ये मुळात क्युबिक चालू असतं, त्यामुळे सूत्राशी ताडून बघायचं असेल तर आधी रीनो निवडा. मग तीच चाचणी क्युबिकवर आणि बीबीआरवर करा. पुस्तकातून जे कळत नाही ते या एका संध्याकाळी कळतं.

या कामासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे परफसोनार, आणि ते स्वतःच सहकार्यातून उभं राहिलं आहे. ईएसनेट, युरोपातलं जीआंट, अमेरिकेतलं इंटरनेट२, इंडियाना आणि मिशिगन ही विद्यापीठं, पुढे ब्राझीलचं आरएनपी. सर्नच्या प्रयोगांचा डेटा ज्या केंद्रांवर वाटला जातो, तिथेही याचे नोड (मोजणारी यंत्रं) बसवलेले असतात. थ्रूपुटची, म्हणजे प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाची, चाचणी लाइन भरून टाकते, म्हणून ती दिवसातून मोजक्याच वेळा घेतात. परफसोनारमधलं ओवॅम्प मात्र छोटी छोटी पॅकेटं अखंड पाठवत राहतं आणि एका दिशेचा उशीर व गळती मोजतं. वरचं कार्ड यानेच पकडलं गेलं.

एका दिशेचा उशीर मोजायचा तर दोन्ही टोकांची घड्याळं जुळलेली हवीत. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा घड्याळात ३ मिलिसेकंदांचा फरक म्हणजे नकाशावर ६०० किलोमीटरची चूक. आणि ही चूक लपून राहते: एका दिशेला जितका उशीर वाढतो तितकाच दुसरीकडे कमी होतो, त्यामुळे फेरीचा वेळ अगदी बरोबर दिसतो. आलेखात एक रेघ वर आणि दुसरी तितकीच खाली सरकलेली दिसली, तर मार्गावर शंका घेण्याआधी एनटीपी (घड्याळं जुळवणारी व्यवस्था) तपासा.

आता पलीकडच्या माणसाबद्दल. ‘तुमची लिंक स्लो आहे’ असं लिहिलंत की ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ हेच उत्तर येणार, आणि त्याच्या बाजूने ते खरंही असतं. मेलमध्ये दोन्ही यंत्रांचे पत्ते द्या, आयपीव्ही४ की आयपीव्ही६ ते सांगा, दोन्ही बाजूंनी घेतलेले ट्रेसराउट जोडा (जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच असेल असं धरू नका), एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) लिहा. वेळ नेहमी यूटीसीमध्ये. युरोप आणि अमेरिका उन्हाळी वेळ वेगवेगळ्या आठवड्यांत बदलतात, तेव्हा मार्चमध्ये यावरून हमखास गोंधळ होतो. शेवटी एकच नेमकी विनंती करा: तुमच्या सीमेवरच्या नोडपासून आमच्या नोडपर्यंत ओवॅम्प चालवाल का? थ्रूपुट मुद्दाम मागू नका. मार्गाचे तुकडे पाडले की प्रत्येक फेरी आखूड होते आणि आखूड फेरीत गळती झाकली जाते. सगळे तुकडे वेगवान आणि अख्खा मार्ग मंद, या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

प्रत्यक्ष ट्रॅफिकचा डेटा मागण्याची गोष्ट वेगळी. आयपी पत्ता ही युरोपच्या कायद्यात वैयक्तिक माहिती ठरू शकते, त्यामुळे करार व्हायला वेळ लागतो, आणि लागायलाच हवा. जपानच्या वाइड प्रकल्पाचा मावी संग्रह पाहा: रोज १५ मिनिटांची नोंद, पत्ते बदललेले, आतला मजकूर काढलेला. एवढ्यावरही भरपूर संशोधन होतं. तुमच्या प्रश्नाला जितकं लागतं तितकंच मागा, परवानगी लवकर मिळते.

सुरुवातीला संस्थेचं पाठबळ नसेल तर राइप ॲटलस या जागतिक मोजमाप नेटवर्कचा प्रोब (छोटं मोजणी यंत्र) चालवा. तो चालू ठेवल्याबद्दल क्रेडिट मिळतात आणि त्यावर जगभरातल्या प्रोबवरून स्वतःच्या चाचण्या घेता येतात. वाचनाची सुरुवात आरएफसी २३३० पासून करा. १९९८ चा आहे, पण काय मोजायचं आणि त्याला काय म्हणायचं याचा पाया तिथेच आहे. तो इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या आयपीपीएम गटाचा दस्तऐवज. या गटाच्या चर्चेत कुणालाही भाग घेता येतो, आणि तुमच्या नेटईएमच्या प्रयोगातून एखादा प्रश्न निघाला असेल तर तो तिथे बिनदिक्कत विचारा.