खटक्याचा होल्डर बनवताय? मग या चुका टाळा

लटकत्या दिव्याच्या होल्डरलाच बटण द्यायचं, काम एवढंच होतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात प्रेस टूल आणि बेकेलाइटचे (म्हणजे कडक प्लास्टिकचे) मोल्ड करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. त्यामुळं चौकशी आली तेव्हा वाटलं, यात काय आहे? दोन पत्त्या, एक स्प्रिंग, एक दांडी. आठ दिवसांत नमुना तयार. दाबला की ‘टक्’ असा झकास आवाज. गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

तीन महिन्यांनी कागलकडच्या एका गुऱ्हाळावरून त्यातला एक होल्डर परत आला. गुळाच्या चिकट हातांनी आणि राखेनं काळा पडलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आणणाऱ्यानं टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “भावा, बटण बंद हाय, पण दिवा काय इझत न्हाई.” उघडून बघतो तर दोन्ही पत्त्या एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये मोहरीएवढा वितळलेल्या पितळेचा मणी. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटल्या तेव्हा सुटल्या. त्या मण्यानं मला जे शिकवलं ते खाली लिहितो. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

आवाजाला भुलू नका

माझा ‘टक्’ खोटा होता. आवाज यायचा तो दांडीवरच्या खाचेत गोळी बसल्याचा. पत्ती मात्र थेट दांडीलाच जोडलेली. म्हणजे बोट जितकं हळू, तितकी पत्ती हळू सरकणार.

याची परीक्षा सोपी आहे. दुपारी शटर खाली ओढलं, वर्कशॉपमधला उजेड बंद केला, होल्डरचं झाकण काढलं आणि लाकडी पट्टीनं बटण मुंगीच्या पावलानं दाबत गेलो. (उघड्या होल्डरला बोट लावायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. शेजारी मेन स्विचपाशी माणूस उभा होता.) पत्त्या सुटायला लागल्या आणि मध्ये निळसर-जांभळी ठिणगी उभी राहिली. बल्ब फुरफुरला. पट्टी तिथंच थांबवली तर ठिणगीही बारीक सूंऽऽ करत तिथंच थांबली. पितळ खाणारी ती हीच.

आपल्या घरातली एसी वीज 50 हर्ट्झची, म्हणजे प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. त्या शून्याला ठिणगी विझते. पण पुढच्या अर्ध्या लाटेपर्यंत पत्त्या पुरेशा लांब गेल्या नसतील, तर ती परत पेटते. पत्ती झटक्यात लांब गेली की ठिणगीला पुन्हा संधीच मिळत नाही. हे कोडं आजचं नाही. इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सनं 1884 मध्ये झटक्यात तुटणारा स्विच काढला तो याचसाठी, आणि आपण आजही तेच तत्त्व वापरतो.

तर मूळ सूत्र असं, की बोटानं फक्त स्प्रिंग भरायची, पत्ती हलवायची ती स्प्रिंगनं. बोट आणि पत्ती यांच्यात थोडी मोकळी चाल ठेवावी लागते. बटण अर्धं आत जाईपर्यंत पत्ती जागची हलत नाही, स्प्रिंग तेवढी ताणत जाते. मधला बिंदू ओलांडला की स्प्रिंग उलटते आणि पत्तीला पलीकडं फेकते. फिरवायच्या बटणात हेच काम चार दातांच्या कॅमनं, म्हणजे फिरत्या चकतीनं होतं, एका पाव फेऱ्याला चालू, पुढच्या पाव फेऱ्याला बंद. तिथं दांडीची पिन ज्या खाचेत बसते ती खाच पिनेपेक्षा चांगली रुंद हवी, म्हणजे स्प्रिंगनं कॅम ढकलला की तो बोटाची वाट न बघता पुढं उडी मारेल. मी पहिल्यांदा ही खाच पिनेला घट्ट बसवली होती. टर्नरची सवय! सैल काही दिसलं की हात शिवशिवतात. इथं ते सैलपणच कामाचं असतं.

नमुना पास कधी? पट्टीनं कितीही हळू दाबा, बल्ब कुठंच घुटमळता कामा नये. आणि बटण मध्येच सोडलं तर पत्ती एकतर पूर्ण इकडं यावी, नाहीतर पूर्ण तिकडं. अधांतरी राहिली तर तो खटका नव्हे.

चिकटणं होतं ते चालू करताना

ठिणगी म्हटलं की सगळे बंद करतानाचा विचार करतात. माझा तो मणी मात्र बराचसा चालू करतानाचा होता. पत्ती पत्तीवर आपटते, चेंडूसारखी दोन-तीनदा उसळते आणि त्या प्रत्येक उसळीला बारीक ठिणगी पडते. नेमका त्याच क्षणी प्रवाह सगळ्यांत जास्त असतो.

हिशेब करून बघा. 230 व्होल्टवर 100 वॅटचा साधा बल्ब जळतो तेव्हा त्याचा रोध सुमारे 529 ओहम आणि प्रवाह अर्ध्या अँपिअरच्याही आत. पण बल्बमधल्या टंगस्टनच्या तारेचा थंड असतानाचा रोध याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाएवढाच असतो. म्हणजे पहिल्या क्षणी चार-सहा अँपिअर सहज. “आता सगळे एलईडीच लावतात, 9 वॅटला काय होतंय?” असं मला एकानं ऐकवलं. एलईडी बल्बच्या पोटात कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग असतो. लाटेच्या शेंड्याला, म्हणजे 325 व्होल्टच्या आसपास, बटण लागलं तर तो कपॅसिटर क्षणभर मोठा घोट घेतो. एका बल्बचं भागून जातं. पण एका खटक्यावर आठ-दहा बल्बची माळ टाकली की पत्त्या चिकटायच्या तक्रारी सुरू.

उपाय म्हणून मी आधी स्प्रिंग कडक केली. उसळी वाढली! मग मऊ केली, तर दाब कमी पडून पत्ती तापायला लागली. शेवटी जमलं ते असं: हलणारी पत्ती हलकी करायची, स्प्रिंग मध्यम ठेवायची आणि पत्ती टेकल्यावर थोडी घासून पुढं सरकेल असा कोन द्यायचा. घासण्यानं धूळही निघते. टेकायच्या जागी नुसतं पितळ न ठेवता चांदीच्या मिश्रधातूची टिकली रिव्हेट केली. चांदी म्हटलं की आमच्याकडं हुपरीचे पैंजण आठवतात, पण शुद्ध चांदी या कामाला फार मऊ. चांदी-निकेलच्या तयार टिकल्या मिळतात, त्या घ्याव्यात. दर वाढतो हे खरं, पण परत आलेल्या मालाचा दर त्याहून मोठा पडतो.

हाच खटका सोलरच्या डीसी लाइनला लावू का, असंही विचारतात. डीसीत प्रवाह शून्यावर येतच नाही, ठिणगीला विझायचं निमित्त मिळत नाही. एसीसाठी केलेला माल डीसीचा म्हणून विकू नका.

स्प्रिंगमधून वीज नेऊ नका

पिनच्या होल्डरमध्ये, म्हणजे 22 मिलिमीटर व्यासाच्या आपल्या नेहमीच्या होल्डरमध्ये, बल्बच्या बुडाला टेकणारी दोन टोकं स्प्रिंगवर बसलेली असतात. स्वस्त मालात वीज त्या वेटोळ्या स्प्रिंगमधूनच टोकापर्यंत जाते. स्प्रिंग तापते, मऊ पडते, दाब घटतो, सांधा आणखी तापतो. हे चक्र सुरू झालं की बेकेलाइटवर तपकिरी डाग, मग करपट वास, मग तडा. दाबाला एक स्प्रिंग आणि विजेला वेगळी पत्ती, अशी कामं वाटून द्या. पत्तीला साध्या पितळेपेक्षा फॉस्फर ब्राँझ बरं, उष्णतेत त्याचा ताण लवकर मरत नाही. दाबाची स्प्रिंग स्टेनलेसची घ्या. साध्या तारेची गगनबावड्याच्या एका पावसाळ्यात गंजून लाल होते.

‘एलईडी तापत नाही’ या भरवशावरही राहू नका. होल्डर तुमचा असला तरी बल्ब गिऱ्हाईकाचा असतो. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला म्हणून कुणीतरी त्यात 100 वॅटचा बल्ब लावणारच.

फेज कुठं तुटतो?

ही सगळ्यांत घातक चूक आणि ती दिसतही नाही, कारण दिवा बरोबर लागतो आणि बरोबर विझतो.

आट्यांच्या होल्डरमध्ये, 27 मिलिमीटरच्या, दोन टोकं सारखी नसतात. तळातली मधली पत्ती वेगळी आणि बाजूचं आट्यांचं पितळी कवच वेगळं. बल्ब फिरवताना बोट लागायची शक्यता असते ती कवचाला. म्हणून फेज खटक्यातून मधल्या पत्तीला आणि न्यूट्रल कवचाला, हा नियम. उलटं जोडलं तर बटण बंद असतानाही कवचात वीज राहते आणि बल्ब बदलणारा झटका खातो.

छतावरच्या पक्क्या वायरिंगला हा नियम पाळता येतो. पण वायरच्या टोकाला दोन पिनांचा प्लग असेल तर? तो सॉकेटमध्ये कसाही उलटा बसतो. आज फेज मधे, उद्या झाडू मारताना प्लग काढून परत लावला की फेज कवचावर. तुमचं ड्रॉइंग कितीही बरोबर असू दे, उपयोग शून्य. अशा टेबल लॅम्पला फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा दुहेरी खटका द्या, किंवा प्लग तीन पिनांचाच द्या. शिवाय कवचाभोवती प्लास्टिकचं कडं इतकं उंच ठेवा, की बल्ब पूर्ण बसेपर्यंत बोट पितळेला पोचणारच नाही. पिनच्या होल्डरमध्ये कवच विजेपासून अलग असतं म्हणून लोक निर्धास्त असतात. पण एकेरी खटक्यात त्याच्याही दोनपैकी एका टोकात वीज राहू शकते.

“बंद केल्यावरही एलईडी मिणमिणतोय” ही तक्रार आली की आधी हेच तपासा. बहुतेकदा खटका फेजऐवजी न्यूट्रल तोडत असतो आणि शेजारून जाणाऱ्या वायरीतून झिरपणारी एवढीशी वीज बल्बला पुरते. बटणात निऑनचा लाल दिवा असेल तर त्याच्यामुळंही असं होतं.

जाता जाता साखळीचं. ओढायच्या साखळीचा होल्डर अमेरिकेत हार्वी हबेलनं 1896 मध्ये पेटंट केला. तशी धातूची साखळी देणार असाल तर तिच्यात एक कडी प्लास्टिकची किंवा दोऱ्याची हवीच. फिरवायच्या बटणाची दांडी पितळी असेल तर ती पत्तीपासून पूर्ण अलग ठेवा.

शिरोलीची धूळ आणि आपला पाऊस

शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगच्या वाळूत कोळशाची भुकटी असते. ती उडून होल्डरमध्ये बसते, जुलैत तिच्यावर ओल चढते आणि दोन टोकांमधल्या बेकेलाइटच्या पृष्ठभागावर विजेला पायवाट मिळते. आधी केसासारखी काळी रेघ, मग ती करपून कोळसा, मग एक दिवस फटाका. हवेतलं अंतर तेवढं बघून भागत नाही, पृष्ठभागावरून मोजलेलं अंतरही हवं. दोन टोकांमध्ये एक उंच वरंबा किंवा खोल चर द्या, त्याच जागेत वाट लांब होते. मोल्डला एक खाच जास्त लागते, एवढाच खर्च. गुऱ्हाळासारख्या वाफेच्या जागी चिनीमातीची बैठक उत्तम, पण स्क्रू आवळताना तडकते. कारागिराला सांगून ठेवा.

वायर

बारीक तारांच्या वायरीवर स्क्रूचं टोक थेट घासू नका, तारा तुटतात. मध्ये पट्टी किंवा वॉशर द्या. टोकाला झाळ (सोल्डर) लावून स्क्रूखाली दाबायची सवयही सोडा. झाळ दाबाखाली हळूहळू पसरते आणि सांधा सैल पडतो. आणि साखळी ओढली की तो ओढा स्क्रूवर जाऊ नये म्हणून आत वायरीला गाठ मारायला किंवा पकड बसवायला जागा ठेवा. माझ्या पहिल्या झाकणात गाठ मावतच नव्हती. फिटर ती न मारताच माल बांधून देत होता, आणि मला ते दोन महिन्यांनी कळलं.

तपासणी टेबलावर नव्हे, जिगवर

पिनच्या होल्डरला आयएस 1258, आट्यांच्याला आयएस 10276 आणि घरगुती स्विचला आयएस 3854 ही भारतीय मानकं आहेत. ड्रॉइंग काढायच्या आधी वाचा. मी नंतर वाचली आणि एक मोल्ड भंगारात घातला.

जिग, म्हणजे बटण आपोआप दाबत राहणारं यंत्र, घरच्या घरी करायला फार लागत नाही. मी भंगारातल्या जीपची वायपर मोटर घेतली, तिला रबराचं टोक लावलं आणि शेजारी काउंटर बसवला. घरात दिवसाला पाच वेळा बटण दाबलं जातं असं धरलं, तर दहा वर्षांत सव्वाअठरा हजार वेळा होतं. मिनिटाला पंधरा दाबांनी 20,000 दाब साधारण सव्वाबावीस तासांत होतात. पण रिकामा चालवू नका. निम्मे नमुने साध्या बल्बवर आणि निम्मे एलईडीच्या माळेवर चालवा. आधी आणि नंतर, लाइन काढून, बटण चालू ठेवून खटक्यातून डीसी सप्लायचा 1 अँपिअर सोडून दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजा. वीसचे साठ झाले असतील तर आवाज कितीही झकास असू दे, पत्ती खराब झालेली आहे.

आणि माल परत आला की खटक्याला दोष द्यायच्या आधी आट्यांच्या होल्डरची मधली पत्ती बघा. लोक बल्ब इतका पिळून बसवतात की ती चेपून खाली बसते आणि दिवा लागत नाही. लाइन काढून, टेस्टरनं खात्री करून ती लाकडी काडीनं अलगद वर उचलायची. परवा उचगावच्या एका ताई सहा होल्डर घेऊन आल्या होत्या. “दादा, सगळ्यांची बटणं गेल्यात.” सहापैकी पाच तसेच दुरुस्त झाले. सहाव्यात मुंग्यांचं वारूळ होतं.