फायबर मोजताना या चुका टाळा

लॅबमध्ये अन्नातल्या फायबरचा आकडा वाजवीपेक्षा जास्त आला की सगळे आधी नमुना पचवणाऱ्या एन्झाइमला दोष देतात. मी मात्र आधी तराजूकडे बघेन.

एओएसी (चाचणी-पद्धती ठरवणारी संस्था) ९८५.२९ किंवा ९९१.४३ पद्धतीत नमुना जेमतेम एक ग्रॅम. समजा, अवशेष, म्हणजे एन्झाइमने पचवून आणि अल्कोहोलने खाली बसवून गाळल्यावर उरलेला भाग, ११८ मिलिग्रॅम भरला. त्यातून प्रथिने २१, राख ९ आणि ब्लँकचे (नमुन्याविना केलेल्या चाचणीचे) ६ वजा केले की उरले ८२, म्हणजे शंभर ग्रॅममागे ८.२ ग्रॅम फायबर. क्रुसिबल (अवशेष गाळायचं भांडं) डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा न लागू देणाऱ्या बंद भांड्यात, पुरतं गार व्हायच्या आत तोललं आणि ५ मिलिग्रॅमचा घोळ झाला, तर आकडा अर्ध्या ग्रॅमने सरकतो. मागच्या बॅचचा ब्लँक वापरला तरी तीच गत. आणि प्रथिनं नायट्रोजनवरून काढताना गव्हाचा नमुना म्हणून सवयीने नायट्रोजनला ५.७ ने गुणू नका. इथे अवशेषाला ६.२५ च लागतो, नाहीतर २१ चे १९ होतात आणि राहिलेले २ मिलिग्रॅम फायबर म्हणून मोजले जातात.

वजनं चोख असतील तर मग एन्झाइम. स्टार्च तोडणाऱ्या अमायलोग्लुकोसिडेज एन्झाइमच्या आधी पीएच साडेचारच्या आसपास आणला नाही, तर स्टार्च तसाच राहतो. शंका असेल तर नुसता स्टार्च आणि नुसतं केसिन (दुधातलं प्रथिन) चालवून बघा. अवशेष जवळपास शून्य यायला हवा. पेक्टिन (फळांतलं विद्राव्य फायबर) मात्र जवळजवळ पूर्ण परत मिळालं पाहिजे. ते घटलं तर एन्झाइममध्ये भेसळ आहे, बाटली बदला.

आकडा कमी येत असेल तर अल्कोहोल तपासा. ९५ टक्क्यांचं, द्रावणाच्या चौपट, ६० अंशांना तापवलेलं. हात आखडता घेतला की विद्राव्य फायबर गाळात बसतच नाही. दहा टक्क्यांहून जास्त चरबी असेल तर ती आधी काढा.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती दोन लॅबच्या रिपोर्टवरून, आणि बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात! इन्युलिनचा बराच भाग आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (दोन्ही विद्राव्य फायबरच) ९५ टक्क्यांचं मिसळून होणाऱ्या साधारण ७८ टक्के अल्कोहोलमध्ये विरघळलेलेच राहतात, म्हणून जुन्या पद्धती ते पकडत नाहीत. नवी एओएसी पद्धत २००९.०१ ते एचपीएलसीने (विरघळलेले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) पकडते. काहीजण जुन्या आकड्यात इन्युलिनची वेगळी चाचणी मिळवतात. त्यात लांब साखळीचं इन्युलिन दोनदा मोजलं जातं. पुन्हा २००९.०१ मध्ये पचन १६ तासांचं, २०१७.१६ मध्ये ४ तासांचं, त्यामुळे रेझिस्टंट स्टार्चही (न पचणारा, फायबरमध्ये धरला जाणारा स्टार्च) वेगळा येतो. रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी पद्धतीचा क्रमांक वाचा. तिथे ‘क्रूड फायबर’ (आम्ल-अल्कलीने उकळून मोजायचा वेगळाच आकडा) लिहिलं असेल, तर ती तुलना तिथेच थांबवा.